पांढऱ्या विटांचा हिवाळा

काल सकाळी गाडीच्या काचेवर या वर्षीचं पहिलं गोठलेलं दव दिसलं. दुकानाचं बाद झालेलं एक लॉयल्टी कार्ड मी त्यासाठीच गाडीत ठेवलेलं असतं. ते घेऊन काच खरवडायला लागले, बोटं बधिर झाली, आणि मनात आलं, चला, लॉफ्टमधले खोके खाली काढायचे दिवस आले. हिवाळा आला हे बाकीच्या इंग्लंडला कशावरून कळतं ते कळो. घड्याळं एक तास मागे जातात, दुकानांत नाताळच्या गोड मिन्स पायची खोकी येतात, शेजारी दारावर हिरवी माळ लावतात. आमच्या मिल्टन कीन्सच्या घरात हिवाळा खोक्यांतून येतो. त्यात असतात खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटा, एकमेकींवर टक्कन बसणाऱ्या, आणि जवळजवळ सगळ्या पांढऱ्या.

या विटा माझ्या मुलीच्या, पूर्वाच्या. आता ती माझ्यापेक्षा उंच झाली आहे आणि खोके उचलायला मला हात लावू देत नाही. पण खोक्याचं झाकण उघडलं की जो वास येतो, जुन्या प्लास्टिकचा आणि किंचित साबणाचा, तो मला सरळ त्या एका हिवाळ्यात नेऊन सोडतो. पूर्वा तेव्हा प्रायमरी शाळेत होती, पुढचे दोन दात नुकते आले होते, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर एक अख्खं बर्फाचं राज्य वसत होतं. आम्ही दोन महिने मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

आमचं घर बोलणाऱ्यांचं. मी पुण्याची, नवरा समीर साताऱ्याचा, दोघांच्याही घरी वाक्य सुरू करणारा एक आणि संपवणारा दुसरा अशीच रीत. मी तर कंपन्यांमध्ये ट्रेनिंग देते, म्हणजे माझा पगारच बोलण्याचा. अशा घरात पूर्वा अडखळत बोलायची. ब, प, म ही अक्षरं आली की तिचे ओठ मिटायचे आणि मिटलेलेच राहायचे. मान जराशी पुढे यायची, डोळे दुसरीकडे वळायचे. तेवढ्यात आमच्यापैकी कुणीतरी तो शब्द तिच्या हातात ठेवायचं, आणि ती मान हलवायची. आम्हाला वाटायचं, मदत केली.

तिनं स्वतःही वाटा शोधल्या होत्या. पोळी हवी असली की ती चपाती म्हणायची. एका पुणेकर आईला हे किती लागत असेल, विचारू नका. मला वाटायचं, शाळेतल्या मैत्रिणींचं ऐकून म्हणत असेल. बटाट्याच्या भाजीला ती 'ती यलोवाली' म्हणायची, आणि आम्ही हसायचो की बघा, इंग्लंडात वाढलेलं पोर. शाळेत स्पीच थेरपिस्ट यायची, तिनं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा उलगडा झाला. ज्या शब्दावर अडेल अशी भीती वाटते, तो शब्दच पूर्वा सोडून देते आणि दुसरा घेते. "शी इज व्हेरी गुड ॲट इट," ती म्हणाली. मी घरी येऊन गॅसपाशी उभी राहिले आणि रडले. इतकं चिमुरडं पोर दिवसभर एवढी आकडेमोड करत बोलतंय, आणि आम्ही हसतोय.

मग बर्फ पडला. मिल्टन कीन्समध्ये बर्फ रोज पडत नाही, पण पडला की गाव हातपाय गाळून बसतं. शाळेला सुट्टी जाहीर झाली, समीर घरून काम करायला लागला, आणि पूर्वा वेलिंग्टन बूट घालून रेडवेवर गेली. रेडवे म्हणजे आमच्या गावभर पसरलेल्या चालायच्या आणि सायकलच्या लाल वाटा. बाकीची मुलं स्नोमॅन करत होती, बर्फाचे गोळे मारत होती. ही नुसती बघत होती. वाकून बघत होती, उभी राहून बघत होती, एकाच जागी इतका वेळ की शेवटी मी दारातून ओरडले, "अगं, पाय गारठतील. ये आत." आत आली, बूट काढले आणि काही न बोलता विटांचा डबा जमिनीवर पालथा केला.

तिच्याकडे तेव्हा पांढऱ्या विटा थोड्याच होत्या. मग दर शनिवारी आमची चॅरिटी शॉपची फेरी सुरू झाली. तिथे लोकांनी दिलेली जुनी खेळणी पिशव्यांत भरून विकायला ठेवलेली असतात. पूर्वा पिशवी उजेडाकडे धरून आतलं पांढरं किती ते पाहायची, भाजीवाल्याकडे टोमॅटो निवडावेत तशी. घरी आणून त्या विटा मी बादलीत साबणाच्या पाण्यात भिजवायचे, मग टॉवेल पसरून रेडिएटरपाशी वाळत घालायचे. त्या दिवसांत आमच्या घरात मोजे ओले राहायचे, विटा मात्र कोरड्या ठणठणीत असायच्या.

जुन्या विटांतल्या काही पिवळट पडलेल्या असायच्या. कुणाच्या तरी खिडकीत वर्षानुवर्षं उन्हात बसलेल्या असणार. मी त्या बाजूला काढून टाकायला लागले, तर पूर्वानं माझा हात धरला.

"आई, तो पण पाहिजे."

"अगं, घाण दिसतील त्या. बर्फ कसा पांढराशुभ्र हवा."

"नाही. रोडच्या साइडचा स्नो असाच असतो. गाडीवाला."

मी खिडकीतून पाहिलं. खरंच की. ग्रिटिंगच्या गाडीनं बर्फ वितळावा म्हणून खडेमीठ टाकलेलं, त्यावरून चाकं गेलेली, आणि कडेला साचलेला तो मळकट, साईच्या रंगाचा ढीग. इतकी वर्षं या देशात हिवाळे काढले, आणि 'बर्फ' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून कॅलेंडरवरचं हिमाचल यायचं. पोरीनं मात्र समोरचा बर्फ पाहिला होता. तिच्या टेबलावरच्या गावातल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना त्या पिवळट विटा बसल्या, आणि गाव एकदम खरं दिसायला लागलं.

तिचं असं बघणं मी त्या हिवाळ्यात रोज बघत होते. विटांच्या वर गोल बटणं असतात, वरची वीट ज्यांवर बसते ती. काही चपट्या तुकड्यांना ती बटणं नसतात, ते वरून गुळगुळीत असतात. पूर्वानं गावाबाहेरच्या सगळ्या उतारावर गुळगुळीत तुकडे बसवले आणि मधूनच एक अरुंद, वळणाची पट्टी बटणांची ठेवली. मी विचारलं, हे काय, तुकडे कमी पडले का? ती म्हणाली, इथून लोक चालले. जिथे कुणी चाललं नाही तिथे स्मूद. मी हात लावून पाहिला. गुळगुळीतावरून बोट घसरलं आणि वाटेवर खडबडीत लागलं. घरातल्या कुणीही तिला हे शिकवलेलं नव्हतं, आणि पाकिटावरच्या कुठल्याही चित्रात ते नव्हतं.

समीरचं डोकं निराळं. त्यानं आधी खोक्यांना लेबलं लावली, मग म्हणाला, पक्कं चिकटवू या, ग्लू आणतो. पूर्वानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं लॅपटॉपकडे परत गेला. चिकटवलं की बदलता येत नाही, एवढंच तिचं म्हणणं. आणि ती बदलत राहायचीच. एक कडा तिनं चार वेळा रचला आणि चार वेळा काढला, न चिडता, न कंटाळता. पाचव्यांदा मला वाटलं तसाच दिसला, पण तिला तो पटला. तिच्या जागी मी असते तर दुसऱ्याच वेळी डबा भिरकावला असता.

हळूहळू कळलं की हे नुसतं गाव नाही, ही गोष्ट आहे. विटा बसवायच्या तीन सपाट पाट्यांवर तीन देखावे. पहिल्यात बर्फात बुडालेलं गाव, घरांच्या छपरांवर इतका बर्फ की धुराड्याचं टोकच बाहेर. दुसऱ्यात कंदील घेतलेली एक मुलगी कडा चढते आहे, वरून निळ्या पारदर्शक तुकड्यांचे बर्फाचे सुळे लोंबताहेत. तिसऱ्यात टेकडी. टेकडी वरून पांढरी, पण तिचा माथा झाकणासारखा उचलता येतो, आणि आत लाल, हिरव्या, जांभळ्या, केशरी, उरल्यासुरल्या सगळ्या रंगांच्या विटा. त्या रंगांत एक राक्षस झोपलेला. तो झोपला आहे तोवर बर्फ पडत राहणार. त्याला उठवायचं तर टेकडीवर जाऊन त्याला नावानं हाक मारायची.

"आणि त्याचं नाव काय?" मी विचारलं.

पूर्वाचे ओठ मिटले. मी जीभ दाताखाली धरून बसले. थेरपिस्टनं सांगितलं होतं, नुसती वाट बघा, चेहऱ्यावर घाई दिसू देऊ नका. जीभ धरता येते हो, चेहरा कसा धरायचा?

"ब... बर्फोबा," ती म्हणाली.

साताऱ्याची आजी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला गोष्टी सांगायची, त्यांतून खंडोबा आणि म्हसोबा तिच्या ओळखीचे झालेले. तेव्हा बर्फाचा तो बर्फोबा. मला इतकं आवडलं ते नाव. पण लगेच मी कॅलेंडरकडे पाहिलं, कारण मंडळाची संक्रांत जवळ आली होती. आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम कम्युनिटी हॉलमध्ये असतो, तिळगूळ, हळदीकुंकू, मुलांचं गुणदर्शन, आणि शेवटी मसालेभात. पूर्वानं आपणहून सांगितलं होतं की मी माझे सीन्स नेणार आणि गोष्ट सांगणार. मराठीत. जी मुलगी दुकानात आपलं नाव सांगायला लागू नये म्हणून माझ्यामागे लपायची, ती माइकसमोर उभी राहणार होती. आणि गोष्टीचा सगळा भार ज्या एका शब्दावर, तो 'ब'वरून सुरू होणारा.

मी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी अगदी सहज, कांदा चिरता चिरता म्हटलं, "पूर्वा, त्याला हिमोबा म्हटलं तर? हिम म्हणजेही बर्फच. छान वाटतं."

तिनं वर पाहिलं. मी कशासाठी म्हणते आहे ते तिला पुरतं कळलं होतं. रागावली नाही.

"पण आई, त्याचा नाव हिमोबा नाहीये," ती म्हणाली, आणि पुन्हा विटांत डोकं घातलं.

मला माझ्याच मुलीची भीती वाटावी इतकं ते शांत होतं. पोळीला चपाती म्हणणारी मुलगी, सगळे शब्द बदलून बसलेली, आणि हा एक शब्द बदलायला तयार नव्हती. तो तिनं स्वतः घडवला होता, म्हणून असेल. त्या टेकडीत तिनं इतके दिवस घातले होते आणि त्याच्या आत तो झोपला होता. त्याला दुसऱ्याच नावानं उठवणं म्हणजे दुसऱ्याच कुणाला तरी उठवणं.

आता माझा स्वभाव बघा. घरात तोंड बंद ठेवायचं म्हणजे बाहेर कुठेतरी ते उघडणार. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी देखाव्यांचे फोटो टाकले, खाली अख्खी गोष्ट लिहिली, झोपलेला राक्षस, कंदीलवाली मुलगी आणि बर्फोबा. अंगठे, बदाम आणि टाळ्यांचा पाऊस पडला. एजवेअरहून माझ्या मैत्रिणीनं लिहिलं, बर्फोबाला आमचा नमस्कार सांग. मी खूश. सगळ्यांना आधीच माहीत असलं तर पूर्वाला सोपं जाईल, असा माझा हिशोब.

संक्रांतीच्या रविवारी टेकडी गाडीतून न्यायची होती. ती मावेल असं एकच भांडं घरात निघालं, ते म्हणजे लग्नात आलेली मोठी परात. परात मांडीवर घेऊन मी मागे बसले, शेजारी पूर्वा दोन पाट्यांवर हात पसरून. मिल्टन कीन्समध्ये घरापासून हॉलपर्यंत जायचं तर राउंडअबाउटांना, म्हणजे गोल चौकांना, पर्याय नाही, एक संपलं की दुसरं. समीर प्रत्येक वळणाला गाडी अशी हळू घ्यायचा की मागच्या गाड्यांची रांग लागली. एकानं हॉर्न दिला. समीर म्हणाला, देऊ दे, माझ्या गाडीत डोंगर आहे. पूर्वा खुदकन हसली, आणि माझ्या मांडीवरच्या डोंगराचा एक तुकडा निखळला. तो तिनं तिथल्या तिथे बसवला.

हॉलमध्ये हलव्याचे दागिने घातलेली बाळं रांगत होती, तिळाच्या वड्यांचे डबे उघडत होते, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. तिळगूळ देताना आपण गोड बोला म्हणतो. कमी बोला असं आजवर कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. पूर्वानं टेबलावर तिन्ही देखावे मांडले तेव्हा मात्र लोक जवळ येऊन खरंच गप्प झाले. देसाई काका, मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ, चष्मा कपाळावर सरकवून कितीतरी वेळ उतारावरची ती बटणांची वाट पाहत होते. "कुणीतरी गेलंय गं इथून," ते म्हणाले. पूर्वानं मान हलवली. तिनं कुणालाच समजावून सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांना ते कळलं होतं. मला त्या म्हाताऱ्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

मग ती उभी राहिली. माइक तिच्या उंचीला खाली घेतला. पहिला देखावा तिनं सांगितला, सावकाश, बोट ठेवत. शब्द अडला की ती विटांकडे बघायची. गाव काही कुठे पळून जाणार नव्हतं. ते तिच्यासमोर शांत बसलेलं असायचं, आणि शब्द आला की ती पुढे जायची. दुसऱ्या देखाव्यात 'पायऱ्या'वर बराच वेळ अडली. पहिल्या रांगेत चुळबुळ झाली. पण 'पायऱ्या' तिनंच म्हटलं. इतके दिवस तिनं हे का रचलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. तिनं स्वतःला थांबायला जागा बांधली होती.

तिसरा देखावा. मुलगी टेकडीवर पोचली. "आणि तिने मोठ्याने हाक मारली," पूर्वा म्हणाली, आणि तिचे ओठ मिटले.

मिटलेलेच राहिले. मान पुढे आली. माइकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मी साडीचा पदर मुठीत आवळला.

"बर्फोबा," देसाई काका पुटपुटले. अगदी प्रेमानं. नातवंडांना गॅदरिंगमध्ये पडद्याआडून शब्द सांगावा तसं. ते ऐकून त्यांच्या मागच्या रांगेनं म्हटलं, बर्फोबा. आणि मग सगळ्या हॉलनं, कारण माझ्या कृपेनं नाव सगळ्यांना पाठ होतं, आणि शब्द अडलेल्या मुलाला आपल्यात कुणी एकटं सोडत नाही. बर्फोबा, बर्फोबा. लहान पोरं ओरडली, कुणी टाळ्या सुरू केल्या. समीर खुर्चीतून अर्धा उठला.

पूर्वाचा चेहरा लाल झाला होता. हात टेकडीच्या झाकणावर होता. आता झाकण उचललं की झालं, मी मनात म्हटलं. नाव घेतलं गेलंय. कुणाच्या लक्षातही येणार नाही. उचल, बाळा, आणि ये खाली. माझ्या पोरीला तिथून सोडवावं याखेरीज मला काही नको होतं.

तिनं झाकणावरचा हात काढला.

टाळ्या विरल्या, तोवर ती थांबली. मग माइकजवळ येऊन म्हणाली, "गावातल्या सगळ्यांनी हाक मारली." एक श्वास. "तो उठला नाही."

हॉलमध्ये हशा पिकला, मोकळा, आपली चूक कळलेल्या माणसांचा. काकांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"मग ती मुलगी म्हणाली," पूर्वा म्हणाली, "आता मी."

आणि तिनं ओठ मिटले. या वेळी डोळे दुसरीकडे वळवले नाहीत, सरळ आमच्याकडे बघत होती. ब अडला, सुटला, पुन्हा अडला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणी हललं नाही. ज्यांना दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवय नाही अशी आम्ही सगळी माणसं, ओठ घट्ट मिटून तिच्याकडे बघत बसलो होतो. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी धावत जाऊन तो बंद केला.

"ब... ब... बर्फोबा," ती म्हणाली.

कुणी टाळी वाजवली नाही. पूर्वानं झाकण उचललं, आतले सगळे रंग दिसले, आणि तिनं त्या राक्षसाला दोन्ही हातांनी उचलून टेकडीच्या कडेला बसवलं.

"उठला का गं?" काकांनी हळूच विचारलं.

"उठला," पूर्वा म्हणाली. "आता तो बोलणार आहे. पण तो हळू बोलतो. थांबायला लागेल."

आम्ही थांबलो.